साडेतीन लाखांच्या कागदावर सही करण्याआधी

एका ताईंचा प्रश्न आहे. तो थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर इतरांनाही कळेल. त्यांचा धाकटा भाऊ 31 वर्षांचा, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, राहायला संगमनेरला. पाच महिन्यांपूर्वी चाकणजवळ त्याच्या दुचाकीला एका टेम्पोने बाजूने धडक दिली. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मोडलं आणि चीर थेट सांध्यापर्यंत गेली. ऑपरेशन करून प्लेट टाकली. बिल झालं 2,40,000 रुपये, त्यातले दीड लाख मेडिक्लेममधून मिळाले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि लायसन्सची मुदत संपलेली होती. आता विमा कंपनीकडून एक गृहस्थ घरी येऊन गेले. साडेतीन लाख देतो म्हणाले, फुल अँड फायनल, इथे सही करा. दुसरीकडे एक वकील म्हणतात की वीस लाख काढून देतो, पंचवीस टक्के माझे. काय करावं?

ताई, त्या कागदावर भावाची सही झालेली नसेल तर होऊ देऊ नका. साडेतीन लाख कमी आहेत की जास्त हे आपण पुढे बघू. पण ज्या जखमेची मोजणीच अजून झालेली नाही, तिची किंमत ठरवायची ही वेळ नव्हे.

मात्र थांबायचं याचा अर्थ हातावर हात ठेवून बसायचं असा नाही, कारण तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीतला क्लेमचा भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला आणि कलम 166 खाली क्लेम टाकायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. त्याआधी पंचवीसेक वर्षं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे गावाकडे अजून सगळे सांगतात, "पाय बरा होऊ दे, मग बघू." त्या सल्ल्यापायी चांगले क्लेम अडकलेले मी पाहिलेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने ट्रिब्युनलांना, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या न्यायाधिकरणांना, सांगितलं की केवळ मुदत उलटली म्हणून तूर्त क्लेम फेटाळू नका. पण तो अंतरिम आदेश आहे. ज्याच्याकडे महिना शिल्लक आहे त्याने त्याच्या भरवशावर राहू नये. क्लेम आत्ता टाका, पुरावा नंतर देता येतो. अर्जात मागितलेली रक्कम पुढे दुरुस्त करून वाढवता येते, आणि तुम्ही कमी मागितलं तरी योग्य भरपाई देणं हे ट्रिब्युनलचं कामच आहे.

अपघात चाकणला झाला म्हणून तारखांना पुणे जिल्ह्यातच जायला हवं असंही नाही. जिथे अपघात झाला, जिथे जखमी माणूस राहतो किंवा धंदा करतो, जिथे समोरचा पक्ष राहतो, यातलं कोणतंही ठिकाण चालतं. कुबडी घेऊन एसटीत चढणाऱ्या माणसासाठी ही सोय लहान नाही.

आता साडेतीन लाख आले कुठून ते पाहू. कंपनीच्या माणसाने तुम्हाला हिशेब दाखवलेला नाही, पण अशा ऑफरी बघून बघून मला तो उलटा मांडता येतो. माझा अंदाज असा. इलेक्ट्रिशियनचा पगाराचा कागद नाही, म्हणून महिन्याला 12,000 धरले. वर्षाचे 1,44,000. वय 31, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा वयावरून ठरणारा आकडा, 16. झाले 23,04,000. त्यावर अपंगत्व दहा टक्के धरलं, म्हणजे 2,30,400. बिलातून मेडिक्लेमचे दीड लाख वजा करून 90,000. वेदनांपोटी तीस हजार. बेरीज 3,50,400. वरचे चारशे सोडले की साडेतीन लाख.

या हिशेबात गुणक तेवढा बरोबर आहे. सरला वर्मा खटल्यात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो तक्ता घालून दिला त्यात 31 ते 35 वयाला 16 हाच आकडा आहे. बाकी प्रत्येक ओळीत थोडं थोडं कापलंय.

सगळ्यात सोपी चूक मेडिक्लेमची. तुमच्या भावाने स्वतःच्या खिशातून हप्ता भरून घेतलेल्या पॉलिसीचा फायदा टेम्पोच्या विमा कंपनीला का मिळावा? यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल होते. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो वाद मिटवला: मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही. तेव्हा बिल धरायचं ते पूर्ण 2,40,000.

दुसरं, भविष्यातल्या कमाईची वाढ त्यांनी धरलेलीच नाही. प्रणय सेठी खटल्यात 2017 मध्ये घटनापीठाने सांगितलं की स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर उत्पन्नात चाळीस टक्के मिळवायचे. तो खटला मृत्यूचा होता, म्हणून जखमींना हे लागू नाही असा युक्तिवाद कंपन्या बराच काळ करत होत्या. पप्पू देव यादव यांच्या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. तरी ऑफर करताना ही ओळ अजूनही सोयीस्कर विसरली जाते.

तिसरा मुद्दा दहा टक्क्यांचा, आणि खरी लढाई तिथेच आहे. भावाकडे अजून अपंगत्वाचं सर्टिफिकेटच नाही, तर हे दहा टक्के ठरवले कोणी? माझ्या अनुभवात हे असं होतं: सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट निघतं तेव्हा त्यावर पायाचा टक्का लिहिलेला असतो, समजा तीस टक्के. कंपनी म्हणते, पाय म्हणजे शरीराचा एक भाग, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा, दहा. डॉक्टरी दृष्टीने त्यात अगदीच चूक नाही. पण भरपाई शरीराच्या टक्क्याची नसते. ती कमाईची ताकद किती गेली याची असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात न्यायालयाने दिलेलं उदाहरण मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचा किंवा ड्रायव्हरचा मात्र जवळजवळ शंभर टक्के धंदा बसतो. हात तोच, सर्टिफिकेट तेच.

हे मी स्वतः एक केस हरून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गवंडी होते, गुडघ्याचंच दुखणं. सरतपासाच्या शपथपत्रात, म्हणजे अर्जदाराच्या लेखी साक्षीत, मी एक वाक्य लिहिलं होतं की अर्जदाराला पूर्वीसारखं काम करता येत नाही. उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी फार शांतपणे विचारलं, "आज कोर्टात कसे आलात?" "एसटीनं." "स्टँडपासून?" "चालत." "कोणाचा आधार घेऊन?" "नाही, एकटाच." झालं. ट्रिब्युनलने सात टक्के धरले. गवंडी उकिडवा बसून फरशी लावतो, डोक्यावर घमेलं घेऊन परांचीवर चढतो, हे त्या शपथपत्रात एका ओळीनेही नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत. मीच त्यांचं काम नीट विचारलेलं नव्हतं.

त्यानंतर मी डॉक्टरांना टक्का विचारण्याआधी अंश विचारतो. गुडघा किती अंशांत वाकतो? नव्वदला अडत असेल तर खुर्चीवर बसता येतं, रस्त्याने चालता येतं, पण उकिडवं बसता येत नाही, कारण त्याला 120 च्या वर वाकावं लागतं. तुमच्या भावाचं काम डोळ्यांसमोर आणा. खालच्या प्लगचं वायरिंग उकिडवं बसून होतं. पंखा लावायचा तर घोड्यावर (उंच स्टुलावर) उभं राहून दोन्ही हात वर करावे लागतात, तेव्हा शरीराचा सगळा तोल पायांवर असतो. पोलवर चढणं तर दूरच. हे त्याच्याकडून त्याच्या शब्दांत लिहून घ्या: अपघाताआधी एका दिवसात काय काय करायचा, आता त्यातलं काय होत नाही, कोणत्या कामाला हेल्पर घ्यावा लागतो आणि त्याला रोज किती द्यावा लागतो. माझ्या मते हे दोन पानी टिपण दहा निवाड्यांच्या झेरॉक्सपेक्षा जास्त कामाचं आहे.

सर्टिफिकेटची घाई मात्र करू नका. हाड जुळायचं आहे, फिजिओथेरपी चालू आहे, तोवर डॉक्टर कायमचं अपंगत्व कसं सांगणार? उपचार संपल्यावर सिव्हिल सर्जनकडे जा किंवा ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येतील का हे तेव्हाच विचारून ठेवा. नुसतं सर्टिफिकेट निशाणीवर, म्हणजे कोर्टाच्या पुराव्यांच्या यादीत, लागलं म्हणून ते सिद्ध होत नाही. डॉक्टर पिंजऱ्यात आले नाहीत तर कंपनीचे वकील त्या कागदाला किंमत देत नाहीत, आणि न्यायाधीशही देतीलच असं नाही.

उत्पन्नाचं तुम्ही विचारलंय. रोखीचा धंदा, रिटर्न भरलेले नाहीत. घाबरू नका, पण अपघातानंतर तारखा मागे नेऊन रिटर्न भरायच्या फंदात पडू नका, ते पहिल्या प्रश्नात उघडं पडतं. आयटीआयचं सर्टिफिकेट, वायरमनचा परवाना असेल तर तो, मागच्या वर्षाचं बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट, इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच्या नावावर असलेली उधारीची वही, आणि ज्या बिल्डरकडे किंवा ठेकेदाराकडे तो काम करायचा त्यांची साक्ष. गेल्या महिन्यात एका प्लंबरचं उत्पन्न मी निव्वळ यूपीआयच्या एंट्र्यांवर सिद्ध केलं. पाचशे, आठशे, बाराशे, अशा तेहतीस पानांच्या.

आता हाच हिशेब मी मांडतो. उत्पन्न 18,000 सिद्ध झालं तर वर्षाचे 2,16,000, त्यात चाळीस टक्के मिळवून 3,02,400, गुणिले 16 म्हणजे 48,38,400. कमाईची ताकद पंचवीस टक्के गेली असं मानलं तर 12,09,600. बिलं 2,40,000. सहा महिने घरी बसल्याचे 1,08,000. वेदना, खाणंपिणं, गाडीभाडं, सोबतीचा माणूस, पुढे प्लेट काढायचा खर्च हे सगळं धरून लाखभर. साडेसोळा लाखांच्या आसपास. पण हे झालं सगळे फासे आपल्या बाजूने पडले तर. न्यायाधीशांनी उत्पन्न 15,000 आणि नुकसान पंधरा टक्के धरलं तर तोच आकडा 6,04,800 होतो, आणि बाकीचं मिळवून दहा लाख पस्तीस हजारांच्या जवळ येतो. म्हणजे साडेतीन लाख फारच कमी, आणि त्या वकिलांचे वीस लाख हवेतले. यावर अर्ज दाखल केल्यापासून व्याज मिळतं, बहुधा सहा ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान.

हेल्मेट आणि लायसन्स. कंपनीच्या माणसाने यावरूनच घाबरवलं असणार. हेल्मेट डोक्याला असतं, मोडलाय पाय. हेल्मेट घातलं असतं तर पाय वाचला असता का, एवढा एकच प्रश्न विचारायचा. हेल्मेट नसल्याचा दंड वेगळा, क्लेममधली कपात वेगळी. लायसन्सचंही तसंच. सुधीर कुमार राणा खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लायसन्स नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. गाडी चालवण्यात चूक होती का ते बघायचं. ते ठरतं घटनास्थळाच्या पंचनाम्यावरून. टायरच्या खुणा कुठे, गाड्या पडल्या कुठे, रस्त्याची कडा किती लांब. हा पंचनामा आजच मिळवून वाचा. नकाशात टेम्पो त्याच्या बाजूला आणि भाऊ मधोमध दाखवला असेल तर लढत अवघड आहे, आणि मग माझे वरचे आकडे तेवढ्या टक्क्यांनी खाली येतील. हे मला इथून दिसत नाही, तुमच्या वकिलांना दिसेल.

टेम्पोचालकाकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स होतं, म्हणून कंपनी जबाबदार नाही, हा बचावही ऐकायला मिळेल. साडेसात हजार किलोच्या आतल्या व्यावसायिक गाडीला ते लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात सांगून टाकलंय. आणि लायसन्स खोटं निघालं तरी बहुतेकदा कंपनीला आधी तुम्हाला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला लावतात.

पोलिसांबद्दल. 2022 च्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत ट्रिब्युनलकडे जायला हवा, आणि ट्रिब्युनल तो अहवालच अर्ज म्हणून धरू शकतं. प्रत्यक्षात? काही पोलीस ठाण्यांत हे चोख होतं, काही ठिकाणी फाइल कपाटात असते आणि कपाटाची किल्ली रजेवर. तेव्हा अहवाल गेला असेल या समजुतीवर राहू नका. फिर्याद, पंचनामा, आरसी, टेम्पोची पॉलिसी, चालकाचं लायसन्स यांच्या नकला अर्ज करून घ्या. पॉलिसी सापडत नसेल तर गाडीच्या नंबरवरून परिवहनच्या ॲपवर विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते.

त्या घरी आलेल्या गृहस्थांच्या कागदाकडे परत येऊ. कायद्यात विमा कंपनीने तडजोड करण्याची रीतसर वाट आहे, कलम 149 ची. पण तिथे कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ऑफर ट्रिब्युनलपुढे, तपशिलासह ठेवायची असते. तुमच्या ओसरीवर चहा पिता पिता नव्हे. आणि एक बारीक मेख आहे, ती नीट वाचा. कलम 164 खाली चूक कोणाची हे न बघता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. ऐकायला छान वाटतं. पण 149 च्या वाटेने ते पैसे एकदा स्वीकारले की कलम 166 चा मोठा क्लेम संपतो. ज्याची चूक सिद्ध होण्यासारखी नाही त्याला 164 हा आधार आहे. ज्याला टेम्पोने बाजूने ठोकलंय आणि ज्याचं काम पायावर उभं आहे, त्याने तिकडे वळू नये.

मी तडजोडीच्या विरोधात नाही, उलट माझ्या निम्म्याहून जास्त केसेस तडजोडीत संपतात. ट्रिब्युनलमध्ये निकालाला तीन ते पाच वर्षं जातात, पुढे कंपनी उच्च न्यायालयात अपिलात गेली तर आणखी. तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: क्लेम लगेच टाकायचा, सर्टिफिकेट आल्यावर ते रेकॉर्डवर लावायचं, आणि मग राष्ट्रीय लोकअदालतीत बोलणी करायची. तिथे नऊ लाखांच्या वर कोणी बोललं तर गंभीरपणे विचार करायचा. सहा-सातवर अडले तर डॉक्टरांची साक्ष घेऊन पुढे जायचं, कारण साक्षीनंतर कंपन्यांची भाषा बदलते. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. उद्या प्लेटमध्ये जंतुसंसर्ग झाला म्हणून परत येता येत नाही. तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करण्याआधी रक्कम, ती व्याजासह आहे की व्याज वेगळं, आणि किती दिवसांत जमा होणार, या तीन गोष्टी मराठीत वाचून दाखवायला सांगा. तुमचा तो हक्क आहे, कोणी वैतागलं तर वैतागू दे.

पंचवीस टक्क्यांचं बोलायला मला अवघड जातं, कारण माझ्याच व्यवसायातली गोष्ट आहे. पण निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी ठरावीक असू द्या, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही कोणालाही देऊ नका, माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या वकिलालाही नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पैसे थेट जखमीच्या खात्यात जमा व्हावेत असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्येच सांगितलेलं आहे, त्यामुळे भावाचं स्वतःच्या नावाचं खातं, संयुक्त नको, तयार ठेवा.

ओघात आणखी दोन गोष्टी, कारण असे प्रश्न रोज येतात. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर ट्रिब्युनल नाही. त्यासाठी वेगळी योजना आहे, मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. आणि खड्ड्यात पडून जखमी झालात तर ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृत्यूला सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवून दिली आहे, ती रस्ता ज्यांच्या ताब्यात त्या यंत्रणेने द्यायची. लोकलमधून पडल्याचे दावे मात्र रेल्वेच्या वेगळ्या ट्रिब्युनलकडे जातात, तो सगळा निराळा कायदा.

ताई, या आठवड्यात एवढं करा: पोलीस ठाण्यातून नकलांचा अर्ज देऊन पोच घ्या. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्ड, सगळ्या एक्स-रेच्या फिल्मी आणि मूळ बिलं मागा. मेडिक्लेमकडे मूळ प्रती गेल्या असतील तर त्यांच्याकडून शिक्क्यासह खऱ्या नकला आणि मंजुरीचं पत्र. प्लेट कधी काढणार आणि किती खर्च येईल याचं अंदाजपत्रक डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या. आणि भावाला सांगा, घोड्यावर चढून बघू नकोस.

कंपनीचे गृहस्थ परत आले तर चहा द्या, त्यांचं नाव आणि ऑफरचा आकडा त्यांच्याच हाताने लिहून मागा. बहुतेक जण तेवढ्यावर उठतात.